रंजीताले सोडायचं राह्यलं

१

दवाखान्याच्या फाटकासमोर माझी चहाची टपरी आहे. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर डॉक्टरसाहेब टपरी उचलायला लावतील, मग पेशंटच्या नातेवाइकांनी रडायला बसायचं कुठं? धानोऱ्याहून गडचिरोलीकडे येताना जंगल जिथं जरासा दम खातं, तिथं कुठंतरी आहे असं समजा.

मी बापूराव. शिक्षण सातवीपर्यंत. सातवीत गुरुजींच्या मिटलेल्या छत्रीत बेडूक ठेवला, आणि शाळेने मला पूर्ण शिकलेला समजून घरी पाठवलं. पुढे बांबूचे ट्रक चालवले. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा ही टपरी टाकली. तेव्हापासून समोरच्या दवाखान्याची करमणूक माझ्याकडे आहे. नव्या डॉक्टरला मी सांगितलं होतं की इकडचा वाघ फक्त मंगळवारी रस्ता ओलांडतो. तो पोरगा कित्येक मंगळवार नाल्याजवळ गाडी थांबवून हॉर्न वाजवत होता. बिरजू ड्रायव्हरच्या अँब्युलन्सखाली बैलाची घुंगरं बांधली होती. त्याने सगळं इंजिन उघडून पाहिलं, खाली वाकून नाही पाहिलं.

टपरीसमोर एक गतिरोधक आहे. पंचायतीने केलेला, म्हणून उंट बसल्यासारखा दिसतो. गाडी त्याच्यावरून गेली की मी किटलीवरची नजर न काढता सांगतो, आत पेशंट आहे की नाही. त्यात माझी काही हुशारी नाही. रिकामं स्ट्रेचर वाजतं. धाड, खडखड, खडखड. वर माणूस झोपलेला असला की ते गप्प बसतं. आणि रिकामी गाडी कोणी हळू नेत नाही. पेशंट उतरवला की ड्रायव्हर लोक गाडी अशी पिटाळतात, जशी शाळा सुटली. त्यांत सगळ्यात मोठा खडखडाट राजदीपचा.

भात पोटरीला आलं होतं त्या दिवसांत एका दुपारी राजदीपची गाडी फाटकातून बाहेर पडली. आत कोणी नव्हतं. मी स्वतः पाहिलं होतं, मागचं दार उघडं टाकून तो गाडी धूत होता. गतिरोधकापाशी त्याने गाडी जवळजवळ थांबवली. पुढची चाकं चढवली, उतरवली. मग मागची चढवली, उतरवली. पाण्याने भरलेली परात डोक्यावरून न्यावी तशी.

स्ट्रेचर वाजलं नाही.

मी भुताखेतावर विश्वास ठेवणारा माणूस नाही. आमच्या गावात आजवर जेवढी भुतं निघाली, त्यातली निम्मी मीच होतो. चाकांत चिंध्या कोंबल्या असतील, असं मी म्हटलं. संध्याकाळी गाडी उभी होती तेव्हा सहज जाऊन स्ट्रेचर हलवून पाहिलं. चिंध्या नव्हत्या. माझ्या एका बोटाने ते इतकं वाजलं की साधना सिस्टरने खिडकीतून विचारलं, "कोण हाये तिथी?"

"मीच, सिस्टर. साइज पाहून राह्यलो."

२

दुसऱ्या दिवशी राजदीप चहाला आला. पस्तिशीचा माणूस, दिसायला पहिलवान, हसला की आधी खांदे हसायचे. मी विचारलं, "काऊन बे, गाडीत अंडे नेत राह्यतो का?"

"नाई, बापूभाऊ."

"मग एवढा हळू?"

"सवारी असते नं."

"कोनती सवारी? मांगं तं हवा असते."

त्याने कप खाली ठेवला. निम्मा चहा तसाच होता. "एकीले सोडायचं हाये," असं म्हणाला आणि उठून गेला. खांदे हलले नाहीत.

बिरजू बाकावर बसून मोबाइलवर काही पाहत होता. त्याने मान वर न करताच सांगितलं, "रंजीताचं म्हणते तो. पिपरटोलीची."

आता हे तुम्हाला सांगायला हवं. राजदीप बाळंतिणीची गाडी चालवतो. तिचा नियम सोपा आहे. दिवस भरले की बाईला घरून आणायचं, आणि बाळंत झाली की तिला आणि बाळाला त्याच गाडीने घरी नेऊन सोडायचं. आणणं एक काम, सोडणं दुसरं. अपघाताच्या गाडीवरचे ड्रायव्हर यांच्यावर जळतात, कारण सोडायला गेलं की गावात मान मिळतो, चहा मिळतो, कुठं कुठं नारळही हातात पडतो. आणतानाची ओरड सोडतानाच्या नारळात विरते. हा हिशेब जमतो म्हणून ती माणसं टिकतात.

रंजीताला राजदीपने आणलं. रस्ताभर बोलत आणलं, जसा सगळ्यांना आणतो. आता पुलिया हाये, आता वळण हाये, घाबरू नको, तुले मीच परत सोडून देईन. पोरगी झाली, रक्त थांबेना. मोठ्या गाडीत घालून पुढं गडचिरोलीला पाठवलं. तिथं ती गेली. मयत दुसऱ्या गाडीने गावी गेली. पोरीला तिचा बाप जीपने घेऊन गेला. कोणाची चूक नव्हती, सगळे धावले होते.

"पण याच्या गाडीतून कोनीच परत नाई गेलं," बिरजू म्हणाला. "तेव्हापासून याचं असं. मी म्हटलं, अबे, मायाही गाडीत गेले हायेत लोकं. तं म्हणते, तू कोनाले सोडतो म्हटलं होतं काय?"

"मग तू काय म्हटलं?"

"मी काय म्हणणार? मी रील लावली." आणि त्याने मोबाइलचा आवाज वाढवला.

३

संघप्रिया, राजदीपची बायको, दुपारच्या उन्हात डबा घेऊन आली. डबा नुसता निमित्ताला होता, राजदीप गाडी घेऊन बाहेर गेलाय हे तिला माहीत होतं. ती बाकाच्या टोकाला बसली आणि सरळ बोलायला लागली. मला सरळ बोलणाऱ्या माणसांची भीती वाटते, त्यांची थट्टा करता येत नाही.

"भाऊ, तो झोपत नाई. किल्ली मुठीत धरून बाजेवर बसून राह्यते. विहारात घेऊन गेली, वंदना घेतली, सगळे उठले, हा तसाच बसून. आमच्या पोरीले आधी मांडीवरून उतरू देत नव्हता. आता दुरून पायते तिच्याकडं, भिंतीवरचा फोटो पायल्यासारखा."

"थकला असंन."

"मोटारसायकल माह्या भावाले देऊन टाकली. मले म्हणे आता लागत नाई."

मी चहा गाळत होतो. गाळणी हातात तशीच राहिली.

"साधना सिस्टर म्हणते, गडचिरोलीत मनाच्या डॉक्टर हायेत, घेऊन जा. तो येत नाई. तिथी गेलो असं समजलं का किल्ली काढून घेतीन म्हणते. अन् किल्ली गेली तं तिले कोन सोडन, म्हणते."

"कोनाले?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "तुमाले मालूम हाये कोनाले."

"बरं," मी म्हटलं, "म्हणजे तुह्या नवऱ्याले हसवायचं काम आता मायाकडं आलं."

"भाऊ, तो मरून जाईन." हे तिने भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. "एखाद्या दिवशी गाडी घेऊन जाईन अन् येणार नाई. तुम्ही काही बी करा. तुमचं ऐकते तो."

माझं कोणीच ऐकत नाही. लोक हसतात, ते वेगळं.

४

मला येतं ते मी केलं.

दुपारी पेशंट नसला की राजदीप डिझेलचं निमित्त काढून निघायचा. त्या दिवशी तो हात धुवायला नळावर गेला तेवढ्यात मी मागच्या दाराने गाडीत चढलो, स्ट्रेचरवर आडवा झालो आणि पांढरी चादर डोक्यावरून ओढून घेतली. बेत असा होता की गतिरोधक आला की एकदम उठून बसायचं आणि म्हणायचं, "अबे, पोरगा झाला का पोरगी?" तो दचकेल, शिव्या देईल, हसेल. हसला की सुटला. माझ्या वैद्यकीत एवढंच औषध आहे.

गाडीत फिनेलचा वास होता. चादर पातळ, तिच्यातून सगळं दुधातून पाहिल्यासारखं दिसत होतं. वर सलाईन अडकवायचा आकडा, बंद पडलेला छोटा पंखा, पत्र्यावर चिकटवलेलं एक हसरं बाळ. बाजूला नातेवाइकांसाठी लांब बाक. डोक्याकडे ड्रायव्हरच्या आणि माझ्या मध्ये सरकत्या काचेची खिडकी, अर्धी उघडी.

राजदीप आला. मागचं दार बाहेरून लावलं. लावण्याआधी थोडा थांबला, जसं कोणाचं लुगडं दारात अडकू नये म्हणून थांबतात. पुढं जाऊन बसला. गाडी सुरू झाली.

गतिरोधक आला. मी उठलो नाही. का उठलो नाही ते अजून नक्की सांगता येत नाही. तो बोलायला लागला होता म्हणून असेल.

"उंचवटा हाये. हात पोटावर ठेव."

पुढची चाकं चढली, उतरली.

"झालं. आता गावाबाहेर निघून राह्यलो. ऊन लागते काय? पडदा ओढून घे." थोडा वेळ गप्प. मग, "हव. हव, मले मालूम हाये."

उत्तराला जेवढा वेळ लागतो तेवढाच तो थांबत होता. कधी थोडा, कधी जास्त. एकदा मध्येच तोडल्यासारखा थांबला आणि म्हणाला, "नाई, तू बोल, तू बोल आधी." एकटा बोलणारा माणूस मी पुष्कळ पाहिला आहे. आरशात मी रोज पाहतो. पण एकटा बोलणारा माणूस दुसऱ्याला मध्ये बोलू देत नाही.

आवाज मात्र फार चांगला होता त्याचा. ट्रकवर असताना माझ्याशी कोणी असं बोललं असतं तर गुडघ्यांनी आणखी थोडे दिवस काढले असते. म्हणून मी पडून राहिलो. माझं वजन ते किती. माझ्याखाली स्ट्रेचर बारीक बारीक वाजत होतं, कुडकुडणाऱ्या दातांसारखं.

दोन्ही बाजूंना सागवान सुरू झालं तसा उजेड हिरवा झाला. तेव्हा खिडकीतून तो म्हणाला,

"बापूभाऊ, थोडे सरका नं. तिले जागा द्या."

५

बसमध्ये कोणी सरका म्हटलं की माणसाचं ढुंगण आधी सरकतं आणि डोकं मागून विचारतं, कोणासाठी? तसा मी सरकलो. पत्र्याच्या बाजूला, अंग चोरून.

आणि स्ट्रेचर वाजायचं थांबलं.

मी विचार केला. रस्ता नवा झाला असेल. सरकल्यामुळे वजन नीट बसलं असेल. म्हातारपणी कान जातात, ते जायला हीच वेळ सापडली असेल. कारणं चांगली होती, एकही टाकाऊ नव्हतं. फक्त मान वळवून उघड्या बाजूकडे पाहिलं की सगळं मिटलं असतं. मी तेवढं केलं नाही. चादर त्या बाजूने थोडी ताणली गेली होती, जशी गोधडीत दुसरा झोपला की ताणली जाते. मी ती ओढून घेतली नाही. उलट थोडी सैल सोडली. माझ्या आईने मला काही वळण लावलं असेल तर ते एवढंच.

"तुले कसं समजलं मी हाओ म्हणून?" मी चादरीतूनच विचारलं.

"तुमच्या चपला दाराशी होत्या," राजदीप म्हणाला. मग मागं, हळू आवाजात, "नाई नाई. चांगले हायेत ते. मस्कऱ्या करते, बस."

चादर खाली करून डोळे वर फिरवले तेव्हा खिडकीतून आरशात त्याचा चेहरा दिसला. तो माझ्याकडे पाहत नव्हता. माझ्या बाजूला पाहत होता. आणि तो त्या वेळी इतका शांत दिसला की मला कळलं, हा माणूस आता फक्त इथंच, या गाडीतच, जिवंत असतो. बाकी घरी येतो ते नुसते कपडे.

६

पिपरटोली म्हणजे आठ-दहा घरं आणि एक हातपंप. राजदीपने गाडी एका अंगणासमोर उलटी लावली, खाली उतरून मागचं दार उघडलं आणि हात पुढे केला, तळवा वर, बाईला उतरायला आधार देतात तसा.

"उतर. सावकाश."

मी उतरलो नाही, कारण मला बोलावलं नव्हतं. तो हात पुढे करून उभा राहिला. अंगणात भाताच्या पेंढीवर कोंबड्या टोचत होत्या. घरात बाळ रडत होतं. त्याने हात खाली घेतला नाही.

घरातून एक म्हातारी आली. रंजीताची सासू, बायनाबाई. कडेवर ते बाळ. तिने गाडीच्या आत पाहिलं. मी चादर काढून बसलो होतो तरी तिची नजर माझ्यावर थांबली नाही, माझ्यावरून पुढे गेली, जरा खाली थांबली. मग तिने बाळाचं तोंड आपल्या खांद्याकडे वळवलं.

"भाऊ," ती राजदीपला म्हणाली, "तुमी चांगले माणूस हा. पण आता गाडी आणू नका."

"बाई, मी सोडतो म्हटलं होतं तिले."

"आमी तिचं सगळं केलं. पाणी दिलं, भात दिला, केस उतरवले, रडलो. झालं तिचं इथलं. आता या दारात तिले जागा नाई."

"मग मी कुठी सोडू?"

"ते मले नाई मालूम." म्हातारीचा आवाज कडक नव्हता, थकलेला होता. "दार लावून घ्या, भाऊ. पोरीले हवा लागते."

हवा नव्हती. पेंढीवरची काडी हलत नव्हती.

ती आत गेली आणि तिने घराचं दार लावलं, दिवसाढवळ्या, आतून कडी घातल्याचा आवाज आला. मला आजवर पुष्कळ दारांतून हाकललं आहे आणि प्रत्येक वेळी मी काहीतरी बोलून निघालो आहे. त्या दिवशी मी नुसता उठून बाजूच्या बाकावर बसलो.

राजदीपने पुढे केलेला हात पँटला पुसला. गाडीचं दार लावलं. पुढं जाऊन बसला.

७

परत येताना तो बोलला नाही. वळणावर सांगितलं नाही, खड्ड्यावर सांगितलं नाही. गाडी जोरात जायला लागली. एवढ्या वेगातही स्ट्रेचर गप्पच होतं. मी बाकावर बसलो होतो. स्ट्रेचरकडे पाहायचं नाही म्हणून समोरच्या हसऱ्या बाळाकडे पाहत होतो.

गावाचा फाटा आला आणि मागे गेला. तो वळला नाही.

"राजदीप, फाटा गेला बे."

"हव."

"कुठी जाऊन राह्यलो आपण?"

"सोडायले."

मी बांबूचे ट्रक याच रस्त्याने नेले आहेत. पुढे काय आहे ते मला माहीत होतं. उतार, त्याच्या तळाला नदी, नदीवर जुना पूल, कठडा नसलेला. पावसाळ्याचं पाणी अजून उतरलेलं नव्हतं. खिडकीतून मला त्याचे हात दिसत होते. स्टिअरिंगवर अगदी सैल. घट्ट धरलेले असते तर मला एवढी भीती वाटली नसती.

अशा वेळी शिकलेला माणूस काय बोलतो मला माहीत नाही. तुझी बायको, तुझी पोरगी, असं काही बोलत असेल. माझ्या तोंडातून जे खरं होतं तेच निघालं.

"राजदीप, गाडी थांबव. मले जोराची लागली."

गाडी तशीच धावत राहिली.

"अबे, खरंच सांगतो. म्हाताऱ्याची थैली हाये, दम धरत नाई. गाडीत झाली तं धुशीन तूच."

उतार सुरू झाला होता.

"नदी येऊन राह्यली, बापूभाऊ. थोडा वेळ."

"नदी पाहून तं आणखी जोरात लागते बे! अन् इथी बाईमाणूस बसलं हाये. तिच्यासमोर करू काय?"

हे मी का बोललो ते विचारू नका. पण ते ऐकून त्याने आरशात पाहिलं. माझ्या बाजूला पाहिलं. आणि त्याला खरोखर लाज वाटली. माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी. ब्रेक लागला. गाडी पुलाच्या तोंडाशी घसटत थांबली, पुढची चाकं सिमेंटवर.

मी मागून उतरलो, वळसा घालून त्याच्या दाराशी गेलो, खिडकीतून हात घातला आणि किल्ली काढून घेतली. मग खरंच रस्त्याच्या कडेला जाऊन बसलो. तेवढी थट्टा नव्हती.

परत आलो तेव्हा तो स्टिअरिंगवर कपाळ टेकून रडत होता. आवाज न करता, पाठ नुसती वरखाली. मी म्हटलं, "मांगं जाऊन झोप. गाडी मी चालवतो."

"तुमाले जमते?"

"जमत नाई. म्हणून तं म्हणतो, डोळे मिटून झोप."

८

तो मागे जाऊन आडवा झाला. आरशात मी एकदाच पाहिलं. एवढा दांडगा माणूस स्ट्रेचरच्या अगदी कडेला झोपला होता, एक हात खाली लोंबत, जणू पडेल. अर्धं स्ट्रेचर त्याने रिकामं ठेवलं होतं. रिकामं म्हणजे मी तसं म्हणतो.

गडचिरोलीपर्यंत मी बोलत गेलो. वळण हाये बे. खड्डा हाये. म्हशी हायेत, तुह्या सासऱ्यासारख्या मधात उभ्या. तो मधून मधून हव म्हणत होता. एकदा म्हशींवर हसल्याचा आवाज आला. मी खूश झालो. मग आठवलं, हा आवाज राजदीपच्या खांद्यांतून येतो तसा नव्हता. पण गाडीत आवाज बदलतात.

मोठ्या दवाखान्याच्या दारात एक कर्मचारी आला. मी म्हटलं, पेशंट मागं आहे. त्याने मागचं दार उघडलं, आत पाहिलं, आणि दवाखान्यात जाऊन चाकाच्या दोन खुर्च्या घेऊन आला.

"एक पुरे," मी म्हटलं.

तो माझ्याकडे पाहत राहिला. "एकच?"

दुसरी खुर्ची माझ्यासाठी आणली असेल. माझं वय दिसतंच की. तसंच असणार.

राजदीप मात्र उतरेना. स्ट्रेचरच्या कडेला बसून राहिला. "ती उतरल्याशिवाय मी कसा उतरू, बापूभाऊ? आणलं मी, सोडणार मी."

तेव्हा मी आयुष्यातली सगळ्यात मोठी थाप मारली. चेहरा सरळ ठेवून, त्याच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे वळून मी म्हटलं, "माय, याले आता जाऊ दे. हा थकला. तुले मी सोडतो. मी बी ड्रायव्हरच हाओ, जुना. याच्यापेक्षा हळू चालवीन."

आणि राजदीपला म्हटलं, "किल्ली मायाजवळ हाये नं? मग काम बी मायं."

त्याने माझ्या हातातली किल्ली पाहिली. खूप वेळ पाहिली. मग एक पाय खाली ठेवला. दुसरा ठेवला. खुर्चीत बसला तेव्हा असा बसला जसं कोणी त्याच्या पाठीवरून पोतं उतरवलं. जाता जाता मागे वळून म्हणाला, "वळणावर तिले सांगत जाजा. नाई तं घाबरते."

मनाच्या डॉक्टर नीलिमाबाई वयाने लहान, बोलायला साध्या. त्या म्हणाल्या, हा आजार आहे, याला औषध आहे, वेळ लागेल, आणला ते चांगलं केलं. गाड्यांवरचे लोक येतात माझ्याकडे, म्हणाल्या, पण गाडी लांब झाडाखाली उभी करून, मागच्या दाराने.

मी त्यांना स्ट्रेचरचं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मलाही ठेवून घेतलं असतं, आणि टपरीवर कोणी नव्हतं.

९

गाडी एकट्याने परत आणली. वळणावर सांगत आणली.

दवाखान्याच्या आवारात उभी केली, मागचं दार उघडलं आणि बाजूला झालो. हात पुढे नाही केला. माझ्यात तेवढी हिंमत नव्हती. थोड्या वेळाने दार लावलं, किल्ली साधना सिस्टरला दिली आणि टपरीवर येऊन शेगडी पेटवली.

दुसऱ्या दिवशी ती गाडी बिरजूने बाहेर काढली. गतिरोधकावर धाड, खडखड, खडखड. शेजारचं कुत्रं पळालं. मला बरं वाटलं. किटली उतरवून ठेवली, कप विसळले, आणि मग वाटलं, बरं, मग ती उतरली कुठं?

१०

कापणी झाली. राजदीपला साहेबांनी काढलं नाही, औषधांच्या खोलीत बसवलं. गोळ्या घेतो, झोपतो. संघप्रिया सांगते, पोरीचा अभ्यास घेतो आणि चुकीचा शिकवतो. मोटारसायकल परत आणली. या आठवड्यात पहिल्यांदा तो स्वतःहून टपरीवर आला, भर दुपारी, आणि बाकावर नीट मागे टेकून बसला.

चहा अर्धा झाल्यावर विचारलं, "बापूभाऊ, सोडलं नं तिले?"

समोर रस्ता उन्हाने पांढरा झाला होता. मला दिसत होतं की या एका उत्तरावर तो बसला आहे. ते निघालं की पडेल.

"सोडलं," मी म्हटलं.

"पिपरटोलीले? घेतलं त्यायनं?"

"तिथी कायले? तिच्या मायच्या गावाले नेलं. नाल्यापल्याड. मस्त सावली होती. मी दार उघडलं तं म्हणे, भाऊ, तुमी गाडी भल्ली हळू चालवता, कटाळा आला. मी म्हटलं, बाई, तुमच्या राजदीपनंच सांगितलं होतं."

"उतरताना कंबर धरली होती?"

"थोडी धरली. मग दाराले धरून उतरली. आधी एक पाय, मग दुसरा. चप्पल हातात. मांगं वळून नाई पायलं."

"नाई पायलं?"

"एकदा बी नाई."

त्याचे खांदे हलले. आधी खांदे, मग तो. हसू नव्हतं ते पुरतं, पण रस्ता तोच होता. त्याने डोळे पुसले, बिस्किटाचा पुडा उघडला आणि एकामागून एक खायला लागला. जन्मभर मी थापा मारल्या, कोणी खऱ्या मानल्या नाहीत. ही मानली. आता ही मला मरेपर्यंत सांभाळायची आहे.

हे सगळं बोलणं होईपर्यंत मी टपरीच्या मागच्या खोलीच्या दाराला पाठ लावून उभा होतो. त्या खोलीत साखरेचं पोतं आहे, गॅसची टाकी आहे, बाकी काही नाही. आतून कोणी ढकलत नव्हतं. ढकलत होतं असं मी म्हणणार नाही. नुसतं टेकलेलं होतं, दिवस भरलेली बाई चालता चालता थकून भिंतीला टेकते तसं, सगळं वजन देऊन. फळ्यांच्या फटीतून माझ्या पाठीला ऊब लागत होती आणि जात होती, लागत होती आणि जात होती.

राजदीपने रिकामा कप पुढे केला. "अजून एक द्या, बापूभाऊ."

"तूच ओतून घे बे," मी जागचा न हलता म्हटलं. "मायी कंबर धरली हाये."